वावर तुमचं, उंबरठा मंडळाचा

(वाचकांचे विम्याबद्दलचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत नुकसान सर्वेक्षक म्हणून काम करून निवृत्त झाल्या आहेत.)

या खेपेला पत्रं बरीच आली आणि पानं तेवढीच आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार आहे: हप्ता भरला, नुकसान झालं, मग पैसे का नाहीत? एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी सर्व्हेअर होते, एजंट नव्हते. पॉलिसी विकणं माझं काम नव्हतं. विकलेली पॉलिसी जळाली, बुडाली किंवा पांदण रस्त्यावर उलटली, की तिथं जाऊन उभं राहणं हे माझं काम. त्यामुळे उत्तरं थोडी कडू लागतील. जिथं कंपनीचं बरोबर आहे तिथं तसंच लिहिणार आहे, मग कोणाला राग आला तरी.

"ताई, पाच एकर सोयाबीन होतं. सप्टेंबरात पाणी थांबलंच नाही, शेंगांत कोंब फुटले. तलाठी अन् कृषी सहाय्यक येऊन पंचनामा करून गेले, फोटो घेतले. आता विम्याचं विचारलं तर म्हणतात, मंडळाचं उत्पादन उंबरठ्याच्या वर हाय, तुमचं बसत नाही. माझ्या वावरात चार पोते झाले अन् हे मंडळाचं सांगून राहिले. मग पंचनामा कायले केला?"
एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

भाऊ, तुमचा राग समजतो. पण तुमच्या पत्रात दोन वेगळे व्यवहार एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते फक्त तुमच्याकडूनच मिसळलेत असं नाही. तालुक्याच्या अर्ध्या गावांत हेच झालंय.

पंचनामा झाला तो सरकारी मदतीसाठी. ती मदत महसूल खात्यामार्फत आपत्तीच्या निधीतून येते. तिच्यात तुमच्याच वावराचं नुकसान बघतात, आणि ते ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये धरले आहेत. त्या मदतीला हप्ता लागत नाही, आणि विमा कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही.

पीक विमा हा दुसरा व्यवहार. त्यात तुमचं वावर एकटं मोजलंच जात नाही. आपल्या राज्यात मुख्य पिकांसाठी मोजमापाचा घटक आहे महसूल मंडळ. मंडळातली गावं निवडतात, त्या गावांतली वावरं निवडतात, ठराविक मापाचा तुकडा आखून तिथलं पीक कापतात, मळतात, वजन करतात. हाच पीक कापणी प्रयोग. अशा सगळ्या प्रयोगांची सरासरी म्हणजे त्या हंगामाचं मंडळाचं उत्पादन. तुम्हाला पोतं झालं की पाव पोतं, हे त्या सरासरीला माहीतच नसतं.

आता उंबरठा. मागच्या सात वर्षांपैकी चांगली पाच वर्षं घेऊन मंडळाची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तरानं गुणतात. आपल्याकडे हा स्तर ७० टक्के आहे. समजा तुमच्या मंडळाची सोयाबीनची सरासरी हेक्टरी १,५०० किलो आहे. तिचे ७० टक्के म्हणजे १,०५० किलो. हा झाला उंबरठा. यंदा कापणी प्रयोगात मंडळाला ८४० किलो आले, तर तूट २१० किलोंची. १,०५० मध्ये २१० म्हणजे २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० धरली, तर हेक्टरी १०,००० मिळतील. तुमच्या पाच एकरांना, म्हणजे दोन हेक्टरांना, २०,०००. पण मंडळाला १,१०० किलो आले, तर सरासरीपेक्षा ४०० किलो कमी पिकूनही मंडळातल्या एकाही माणसाला दमडी मिळणार नाही. सरासरीखालची पहिली ३० टक्के घट कास्तकाराच्याच अंगावर असते. 'पीक गेलं तर विमा' एवढंच ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी हे सांगितलं नसणार.

तुमच्या डोक्यात अजून ७२ तासांची गोष्ट आहे, तीही पत्रात पुढं लिहिली आहे तुम्ही. ती खोटी नाही, जुनी आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयात विमा दिला. तेव्हा पूर, गारपीट, काढणीनंतर वावरात पडलेल्या पिकाचं नुकसान, अशा गोष्टींसाठी ७२ तासांत सूचना द्यायची आणि तुमच्या वावराची पाहणी व्हायची. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाही गेला आणि ती वैयक्तिक पाहणीही गेली. आता राज्यात भरपाई ठरते ती मंडळाच्या उत्पादनाच्या आकड्यांवर. हप्ता पुन्हा जुन्या हिशेबानं, विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के खरिपाच्या धान्य आणि तेलबियांना, दीड टक्का रब्बीला, पाच टक्के कापसासारख्या नगदी पिकाला. खरा हप्ता याहून मोठा असतो. वरचा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलतात.

आता माझं मत. मंडळ हा घटक फार मोठा आहे. एकाच मंडळात नाल्याकाठचं काळं वावर असतं आणि टेकडीच्या पोटाला बरड असतं. ओल्या वर्षी काळ्यातलं सोयाबीन सडतं आणि बरडावरचं बरं येतं. कोरड्या वर्षी उलटं. दोन्हीची सरासरी काढली की दोन्ही वर्षी 'ठीक आहे' असंच उत्तर येतं, आणि दर वर्षी कोणी ना कोणी मेलेलं असतं. दुसऱ्या बाजूनंही सांगते: राज्यातलं प्रत्येक वावर मोजायला माणसं कुठून आणणार? आणि मोजमाप मंडळाचं असलं, की आपलं पीक सोडून देऊन विमा उचलायचा मोह कोणाला होत नाही. हा त्यातला चांगला भाग. पण त्याची किंमत तुमच्यासारख्या नाल्याकाठच्या माणसानं भरायची, हे मला कधी पटलेलं नाही.

पुढच्या हंगामात एक करा. कापणी प्रयोगासाठी तुमच्या मंडळातली कोणती गावं आणि कोणते गट निवडलेत, ते पीक काढणीच्या आधीच तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. प्रयोगाच्या दिवशी विमा कंपनीचा माणूस येऊ शकतो. गावातले चार जण तिथं असले, तर वजन काट्यावर काय दिसलं आणि कागदावर काय लिहिलं, हे दोन्ही डोळ्यांसमोर राहतं. पंचनाम्याच्या दिवशी अख्खं गाव जमतं, पण ज्या दिवशी विम्याचे पैसे खरंच ठरतात त्या दिवशी वावरात कोणी नसतं. तक्रारीसाठी पीक विम्याचा फोन नंबर १४४४७ आहे.

"रोही (नीलगाय) आणि डुकरांनी हरभरा आडवा केला. विमा मिळेल का?"
समुद्रपूर तालुक्यातून, जि. वर्धा

आजच्या घडीला विम्यातून नाही. वनखात्याकडे वन्यप्राण्यांच्या नुकसानभरपाईचा वेगळा अर्ज असतो, तो लगेच भरा, पीक आडवं असतानाच. केंद्रानं २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं आहे की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचं नुकसान विम्यात स्थानिक आपत्ती म्हणून घेता येईल. 'घेता येईल' हे शब्द नीट वाचा. कोणते प्राणी आणि कोणते भाग हे राज्यानं अधिसूचित करायचं आहे. ते झाल्याशिवाय गावातल्या कोणी 'आता डुकरांचाही विमा आहे' म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

"ताई, आमच्या मालकांना तुरीच्या वावरात साप चावला. ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून यवतमाळला नेताना गेले. बँकेच्या पासबुकावर ४३६ आणि २० रुपये कापलेले आहेत. गावात म्हणतात शेतकऱ्याचाही विमा असतो, पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. बँकेतला मुलगा म्हणाला, एका माणसावर एकच क्लेम मिळतो."
घाटंजी तालुक्यातील एक भगिनी, जि. यवतमाळ

बाई, मुदती छोट्या आहेत म्हणून संपादकांकडून तुम्हाला फोनवर आधीच निरोप दिला आहे. इथं लिहिते ते बाकीच्यांसाठी.

बँकेतल्या मुलाचं चुकलं. दुकान, पीक, गाडी यांच्या विम्यात नुकसानीपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत. दोन कंपन्यांकडे विमा असला, तरी दोघींनी मिळून एकच नुकसान भरायचं. त्याला क्षतिपूर्ती म्हणतात. माणसाच्या जिवाची तशी किंमत काढता येत नाही, म्हणून जीवन विमा आणि अपघात विमा यांत ठरलेली रक्कम देतात, आणि एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही.

४३६ रुपये म्हणजे बँकेतून घेतलेला प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. मृत्यू कशानंही झाला तरी दोन लाख. २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. सर्पदंश अपघातात धरतात, पण त्यासाठी लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद लागते. तुमच्याकडे ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर आहे, तो जिवापाड सांभाळा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. माझ्या कामाच्या काळात मी सर्पदंशाची अशी घरं पाहिली आहेत, जिथं माणसाला आधी मांत्रिकाकडे नेलं, तिथंच जीव गेला, आणि शवविच्छेदन न करता संध्याकाळी अग्नी दिला. तिथं कोणत्याही अपघात विम्याला धरायला कागदच उरत नाही.

तिसरी योजना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. ती पूर्वी विमा होती. एप्रिल २०२३ पासून ती विमा राहिली नाही, सानुग्रह अनुदान झाली आहे. म्हणजे मधली कंपनी गेली, सरकार थेट देतं. मृत्यूला दोन लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख. वय १० ते ७५. आणि सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. खातेदार आणि त्याच्या घरातला सातबारा नसलेला आणखी एक जण, असे दोघं त्यात बसतात. मुलगा त्या एकात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांत. याच अपघातासाठी सरकारच्या दुसऱ्या खात्याच्या योजनेतून लाभ घेतलेला नसावा, ही अट मात्र आहे. बँकेत स्वतः हप्ता भरून घेतलेला विमा ही वेगळी गोष्ट.

तुम्ही पत्रात अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंय की बँकेत नॉमिनी सासूबाईंचं नाव आहे. मला ती ओळ सगळ्यात जड वाटली. खातं लग्नाआधीचं, तेव्हा आईचं नाव लावलं आणि पुढं बदललं नाही. हे घरोघरी असतं. जीवन विम्याच्या कायद्यात २०१५ पासून बदल झाला आहे. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल, तर ती रक्कम त्या माणसाच्या हक्काची. तो नुसता पैसे घेऊन वारसांना वाटणारा राहत नाही. तेव्हा सासूबाईंशी प्रेमानं बोला. त्याही आई आहेत, त्यांचाही मुलगा गेला आहे. आणि वाचणाऱ्या पुरुषांना सांगते, आज बँकेत जा आणि नॉमिनीचं नाव बघून या. फॉर्म फुकट आहे.

"ट्रॅक्टरचा विमा चालू होता. कापूस वेचायला बाया ट्रॉलीतून नेताना ट्रॉली उलटली, तिघींना मार लागला. कंपनी म्हणते यांना थर्ड पार्टी लागू होत नाही. मग थर्ड पार्टी कोणासाठी भरतो आम्ही?"
ट्रॅक्टरमालक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

रस्त्यावरच्या लोकांसाठी. पॉलिसीत पहिला पक्ष तुम्ही, दुसरा कंपनी, आणि तुमच्या गाडीनं ज्याचं नुकसान झालं तो बाहेरचा तिसरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नं हा विमा सक्तीचा केला, तो रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून. शेतीच्या ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच, चालकाची. ट्रॉली माल वाहायला असते. तिच्यात बसवलेल्या मजुरांची जोखीम कंपनीनं घेतलेलीच नसते, त्यासाठी हप्ताही घेतलेला नसतो. कंपनीचं म्हणणं मला आवडत नाही, पण कागदावर ते उभं राहतं. ट्रॉलीचं नाव पॉलिसीत वेगळं घातलं नसेल, तर गोष्ट आणखी अवघड.

तरी त्या बायांना वाऱ्यावर सोडू नका. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाकावा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वकील लवकर गाठा. अशा कित्येक खटल्यांत न्यायालयं कंपनीला सांगतात की आधी जखमींना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. काही खटल्यांत कंपनी पूर्ण सुटते. दोन्हींत शेवटचं बिल मालकाच्या दारात येतं, आणि मालक म्हणजे तुम्ही. 'सगळेच नेतात' हे मी अपघाताच्या प्रत्येक जागी ऐकलं आहे. नेतात खरे. म्हणूनच मला आठवतात ती अशी भरपाई भरायला मालकांनी विकलेली वावरं.

चालकाच्या लायसन्सवरून कंपनी अडवत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेला निकाल वकिलाला दाखवा. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोच्या आतलं वाहतुकीचं वाहनही चालवता येतं, असं त्यात ठरलं आहे.

"किराणा दुकान रात्री शॉर्ट सर्किटनं जळालं. सहा लाखांचा विमा होता. तीन लाखांचं नुकसान सर्व्हेअरनं मान्य केलं, पण दीडच लाख देताहेत. विमा सहा लाखांचा असताना तीन का नाहीत?"
दुकानदार, ता. मोर्शी, जि. अमरावती

कारण दिवाळीच्या तोंडावर तुमच्या दुकानात बारा लाखांचा माल होता. तुम्हीच बिलं दाखवली, ती बरोबर दाखवली. आता अट वाचा. तिला सरासरीची अट म्हणतात. माल बाराचा आणि विमा सहाचा, म्हणजे निम्म्या मालाचा विमा तुम्ही काढला आणि उरलेल्या निम्म्याचे विमाकर्ते तुम्ही स्वतः झालात. मग नुकसानही निम्मं कंपनीचं, निम्मं तुमचं. तीन लाखांचे दीड. दुकान पूर्ण जळालं असतं तर सहा मिळाले असते. थोडं जळालं म्हणून पूर्ण मिळेल, असं होत नाही.

हे समजावताना मला नेहमी वाईट वाटायचं. जळालेल्या साखरेचा वास अंगाला लागलेला माणूस समोर असतो, आणि आपण त्याला त्रैराशिक सांगत असतो. पण विमा कमी का काढला होता? हप्ता वाचवायला. एजंटनं 'सहाचाच काढा, पुरे होतो' म्हटलं आणि तुम्हीही हो म्हटलं. पॉलिसीचं नाव बघा मात्र. २०२१ च्या एप्रिलपासून पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तर ही कपात लावत नाहीत. तुमची कमतरता ५० टक्के आहे, त्यामुळे त्यानं तुमचा प्रश्न सुटत नाही. पुढच्या वर्षी रक्कम ठरवताना जून महिन्यातला माल नका बघू, ऑक्टोबरातला बघा.

"सासऱ्यांचं नागपूरला ऑपरेशन झालं. तीन लाखांची पॉलिसी, बिल दीड लाख, तरी पंचावन्न हजार खिशातून भरले. फरक फक्त खोलीचा होता म्हणे."
शिक्षक, ता. काटोल, जि. नागपूर

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का आहे. म्हणजे रोज तीन हजार. तुम्ही सहा हजारांची खोली घेतली, पाच दिवस. खोलीचे तीस हजारांचे पंधरा झाले, एवढं तुम्हाला कळलंय. पुढचं असं, की मोठ्या खोलीबरोबर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच वाढतं असं धरून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. तुमच्या बिलात ते ८० हजार होते, त्याचे ४० झाले. औषधं आणि तपासण्यांचे ४० हजार पूर्ण धरले, आणि ते धरावेच लागतात, त्यांना ही कपात लावता येत नाही. पंधरा, चाळीस आणि चाळीस मिळून ९५. हिशेब बरोबर आहे. भरती करताना काउंटरवर 'पॉलिसीत बसणारी खोली द्या' एवढं म्हटलं असतं तर वाचलं असतं, पण माणूस स्ट्रेचरवर असताना हे कोणाला सुचतं? म्हणून खोलीभाड्याची मर्यादा पॉलिसीच्या पहिल्या पानावर आजच लाल शाईनं लिहून ठेवा, किंवा नूतनीकरणाच्या वेळी मर्यादा नसलेली पॉलिसी बघा.

सासऱ्यांची शुगर फॉर्ममध्ये लिहिली होती का, हे तुम्ही सांगितलं नाही. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला लिहून कळवा. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. लपवलेलं सापडलं, तर ती गोष्ट मुदतीची राहत नाही.

"गाय मेली. विमा होता. कानातला बिल्ला कुठं पडला माहीत नाही."
मेहकर तालुक्यातून, जि. बुलडाणा

बिल्ला नाही तर दावा नाही. मेलेली गाय पॉलिसीतलीच होती हे दाखवायचा तोच पुरावा. बिल्ला पडला की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि कंपनीला कळवून नवा मारून घ्यायचा. आता शवविच्छेदनाचा दाखला आणि विमा काढतानाचा फोटो असेल तर जोडून बघा, पण मी आशा लावत नाही.

"मी २६ वर्षांचा, सात एकर कोरडवाहू. एजंटनं वर्षाला तीस हजारांची, पैसे परत मिळणारी पॉलिसी दिली, मागच्याच आठवड्यात कागद आले. मित्र म्हणतो विमा वगैरे काही काढू नको, तेवढे पैसे बाजूला टाक. दोघांपैकी कोणाचं ऐकू?"
तरुण शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

अर्धं मित्राचं. जे नुकसान लहान आहे आणि वारंवार होतं, ते स्वतःच सोसावं. बकरी मेली, मोटरची वायंडिंग जळाली, एखादी फवारणी वाया गेली, याला विमा महाग पडतो. त्यासाठी घरात वेगळे पैसे असावेत. जे नुकसान क्वचित होतं पण झालं तर वावर विकायला लावतं, ते कंपनीच्या गळ्यात घालावं. तुम्ही मेलात तर घर कशावर चालणार? नागपूरचं चार लाखांचं बिल कोण भरणार? या दोन गोष्टींना बाजूला टाकलेले पैसे पुरत नाहीत, कारण ते साठायच्या आधीच वेळ येऊ शकते. तिसरा उपाय तुमचे वडील न सांगता करतात: सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतात. एक गेलं तर दुसरं उभं राहतं, आणि त्याला हप्ताही लागत नाही.

आता पॉलिसी. तीस हजारांत तुम्हाला संरक्षण किती मिळतंय ते कागदावर बघा. 'मृत्यूनंतर देय रक्कम' असं लिहिलेलं असतं. पैसे परत मिळणाऱ्या पॉलिसीत ती रक्कम वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे तीनेक लाखांच्या आसपासच असते. तुमच्या वयाला नुसत्या मुदत विम्यात, जिथं जिवंत राहिलं तर काही परत मिळत नाही, याच्या कितीतरी पट संरक्षण कितीतरी कमी हप्त्यात मिळतं. 'काही परत मिळत नाही' म्हणून लोक तो घेत नाहीत, आणि एजंटलाही त्यात कमी सुटतं म्हणून तो सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला आहे. कोणी तो लावून आकडा सांगत असेल तर विचारा.

कोरडवाहू सात एकरांत दर वर्षी तीस हजार निघतील का? एक साल बुडालं आणि हप्ता चुकला, की सवलतीचे दिवस संपल्यावर पॉलिसी बंद पडते. मोडायला गेलात तर भरलेल्यापेक्षा कमी हातात येतात. ऑक्टोबर २०२४ पासून नियम जरा बरे झाले आहेत, एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला तरी काहीतरी परत मिळतं. तरी तोटा तो तोटाच.

पण तुमचे कागद आठवड्यापूर्वीच आलेत, हे बरं आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. मधल्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, मुद्रांक आणि तपासणीचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. साध्या कागदावर अर्ज लिहा, पॉलिसी क्रमांक आणि ती मिळाल्याची तारीख टाका, लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा. अर्ज वर्ध्याच्या शाखेत स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एजंट घरी येऊन 'मी जमा करतो' म्हणेल. त्याला चहा द्या, अर्ज देऊ नका.